विहिरीची मालकीण

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. ऐन वैशाखात मी मार्गासनीला पायी निघालो होतो आणि वाटेत एका मळ्यातल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. पन्नाशीच्या विधवा मालकीणबाई स्वतः दोर ओढून महारवाड्यातल्या बायांच्या घागरी भरत होत्या. त्या बायांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता.

तेवढ्यात गावातली माणसं काठ्या घेऊन आली. घागरी घेतलेल्या बाया मागं सरल्या. पाटील गरजले, "वैनी, ह्यांना पानी दिलं तर गाव तुमाला वाळीत टाकंल. पेरणीला बैल मिळायचा न्हाई."

बाईंनी दोर सोडला नाही. "हिरीत पानी म्या न्हाई घातलं, पाटील. ज्यानं घातलं, त्यो बगून घील माजं." असं म्हणून त्यांनी पुढची घागर भरली.

कुणाची काठी उठली नाही. शिव्या देत माणसं परत गेली.

मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर भ्यालेल्याला द्येव टाकून देतो व्हय?"

मृगात पुन्हा त्या वाटेनं गेलो. गावानं त्यांना खरंच बैल दिला नव्हता. महारवाड्यातली बाया-माणसं कुदळी घेऊन त्यांचं रान खणत होती. मला बाईंना त्यांच्या देवाविषयी पुष्कळ विचारायचं होतं, पण त्या कामात होत्या. मग मीही वहाणा काढल्या आणि रानात उतरलो.