ओनुफ्री मिस्त्रीचं तिरकं चर्च

एल्मरिजमधली बँक, शाळा आणि दोन्ही हॉटेलं ओनुफ्री दुत्कानं बांधली. युरोपातल्या युक्रेनी मुलखातून, गॅलिशियातून, तो कॅनडाच्या या माळावर उतरला तेव्हा जवळ एक रंधा, एक करवत आणि इंग्रजीच्या नावानं आनंदीआनंद. वीस वर्षांत तो गावाचा मिस्त्री झाला. नकाशा काढणारा तोच, दगड बसवणारा तोच. थोडी घमेंडही आली होती. येणारच!

मग त्याच्याच युक्रेनी माणसांनी त्याच्याकडे चर्च मागितलं. चाळीस कुटुंबांनी दोन उन्हाळे शेतातले दगड वेचून आणून टाकले आणि ओनुफ्रीनं चोख पाया घातला.

सप्टेंबरातल्या एका पहाटे येवका आजी, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, त्या पायावर प्रार्थनेला उभी राहिली. वेदी जिकडे येणार तिकडे तोंड करून.

"मिस्त्री, ऊन माझ्या डाव्या कानावर येतंय. तोंडावर का नाही रे?"

ओनुफ्रीनं आधी उन्हाकडे, मग पायाकडे पाहिलं. वेदी पूर्वेलाच हवी, हे त्यांच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एल्मरिजचे रस्ते रेल्वेच्या रुळाला धरून आखलेले, आणि रूळ आग्नेयेकडे तिरके गेलेले. वीस वर्षं रस्त्याला दोरी लावून घरं उठवली, त्याच सवयीनं हात चालले. सूर्याकडे त्यानं बघितलंच नव्हतं.

बर्फ पडायच्या आत भिंती उठल्या नाहीत तर वर्ष गेलं, आणि त्याबरोबर त्याचं नावही. शेतांत गहू कापणीला उभा होता. मदत मागायची तरी कुठल्या तोंडानं?

"कुणाला सांगू नकोस, आजी. मी एकटा उकरतो."

"एकटा? मग त्याच खड्ड्यात तुला पुरू, दुसरा खणायला नको."

आजीच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी धारा काढून होताच घोडागाड्या येऊन उभ्या राहिल्या. ओनुफ्री मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे. घाला शिव्या."

पेत्रो वोरोबेत्सचा गहू सगळ्यांत जास्त कापायचा राहिला होता. तो तळहातावर थुंकला. "शिव्या दुपारी, जेवताना. आधी पहार दे."

बायकांनी ओच्यातून दगड वाहिले. दुपारी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोह्यांबरोबर शिव्याही पोटभर मिळाल्या. आठ दिवसांत पाया पूर्वेला वळला. मात्र सातव्या दिवशी गारा पडल्या आणि पेत्रोचं निम्मं पीक आडवं झालं. तरीही तो आठव्या दिवशी पहार घेऊन हजर होता. त्या पिकाचा विषय त्यानं पुढे कधी काढला नाही. ओनुफ्री मात्र ते जन्मभर विसरला नाही.

नाताळात चर्चमध्ये पहिली प्रार्थना झाली. बाहेर बँकेच्या मॅनेजरनं त्याला गाठलं.

"काय दुत्का, अख्ख्या गावात तुमचंच चर्च तेवढं वाकडं!"

"चर्च सरळ आहे, साहेब," ओनुफ्री म्हणाला. "वाकडी तुमची बँक. ती मी एकट्याच्या अकलेनं बांधली होती."