जीपची खांदेमळणी

कडुबाने बैलजोडी विकून काळीपिवळी जीप घेतली, पण बैलांची सवय काही विकली नाही. जीप कुठेही थांबली की तो उतरून चारही चाकांवर तळवा टेकवी. नाक गार तर बैल धडधाकट, तसं चाक गार तर जीप धडधाकट. कन्नड-संभाजीनगर रस्त्यावरचे ड्रायव्हर त्याला 'गुरांचा डॉक्टर' म्हणून चिडवत आणि हा गडी जागच्या जागी त्यांचा उद्धार करी.

त्या सकाळी मात्र स्वारी भलतीच खुशीत होती! जीपमध्ये गावच्या शाळेच्या कबड्डीच्या पोरी खच्चून भरल्या होत्या. संभाजीनगरात जिल्ह्याची फायनल होती आणि कर्णधार होती कडुबाची नात राजनंदिनी. गावाची टीम आजवर एवढी पुढे कधी गेलीच नव्हती. अकराच्या आत मैदानावर हजर नसाल तर सामना न खेळताच हरलात म्हणून समजा, असं पुढे गेलेल्या सरांनी बजावलं होतं. पोरींच्या आरोळ्यांनी खुलताबाद दणाणलं, आणि कडुबानेही हॉर्नवरचा हात उचलला नाही.

दौलताबादचा घाट उतरताना जीप डावीकडे ओढ खाऊ लागली. मग जळका वास आला. घाटाखाली गाडी थांबवून कडुबा सवयीने उतरला. तीन चाकं घाट उतरून तापावीत तेवढीच तापली होती. पुढच्या डाव्या चाकाजवळ नेलेला हात मात्र त्याने झटक्यात मागे घेतला. तिथून नुसती धग येत होती.

पोळ्याच्या आधी ब्रेकचं काम चांदपाशाने केलं होतं आणि त्याचं गॅरेज समोरच होतं. कडुबाने रस्त्यावरूनच तोफ डागली, "ये बाहीर, चांदपाशा! काय काम केलंस रं? पोरींची मॅच बुडाली तर तुझं शटर कायमचं खाली वढीन!"

"चिल्लाओ नक्को काका, पैले देखने देव," म्हणत चांदपाशा जॅक घेऊन आला. राजनंदिनी चाकावर पाण्याची बाटली ओतणार, तोच तो ओरडला, "पानी नक्को बेटा! तापल्या लोखंडावर गार पानी पडलं तर तबकडी वाकडी होती."

धग कमी होईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मग चाक उचलून चांदपाशाने हाताने फिरवून पाहिलं. ते हलेना. त्याने ब्रेक ऑइलचा स्क्रू सैल करून दाब काढला, तरीही चाक जागचं हलेना.

"मंजे वरचा पाइप बराबर हाय. हितंच कायतरी चिकटलंय," तो म्हणाला.

चाकाच्या तबकडीला चिमटीत धरणारा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्या पिना ठोकून ठोकून बाहेर काढल्या, तर त्यांच्यावर पिवळट, चिकट थर! भज्यांच्या न घासलेल्या कढईवर बसतो तसा. चांदपाशाने पिन नाकाला लावली.

"काका! ये तो तेल का बास है!"

कडुबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, तेल-हळदीने त्यांचे खांदे मळतात. आता बैल नव्हते, तर कडुबाने जीपची खांदेमळणी केली होती! पिना खोलून त्यांच्यावरचं चांदपाशाने भरलेलं ग्रीस 'घाण' म्हणून पुसून काढलं आणि घाण्याचं शुद्ध करडीचं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी बायकोने, भागूबाईने, पहिली पुरणपोळी बॉनेटवर ठेवली होती. तेच तेल ब्रेकच्या उष्णतेने गोंदासारखं घट्ट झालं होतं.

"म्याच लावलं," कडुबा पुटपुटला. "लेकरावानी माया केली रं तिच्यावर."

पोरी फिदीफिदी हसल्या. चांदपाशाही हसला, पण त्याचे हात थांबले नाहीत. त्याने पॉलिश पेपरने पिना घासून लखलखीत केल्या, भोकं साफ केली, ब्रेकचं ग्रीस भरलं, ऑइल पुरं केलं. मग कडुबाने ब्रेक दाबून सोडला आणि चांदपाशाने चाकाला हात लावला. चाक गरगर फिरलं! पोरींनी अशी किंकाळी फोडली की शेजारच्या टपरीवाल्याच्या हातून चहा सांडला.

मैदानावर त्यांच्या शाळेचं नाव शेवटचं पुकारत होते. जीप थांबायच्या आत पोरींनी उड्या टाकल्या. आणि जिंकल्या! शेवटच्या चढाईत राजनंदिनी तिघींना घेऊन रेषेवर पडली, तेव्हा कडुबा इतका ओरडला की त्याचा घसाच बसला.

परतताना त्याने जीप गॅरेजसमोर उभी केली. आधी डाव्या चाकावर तळवा टेकवला. चाक ठीक होतं. मग पोरींनी घातलेला हार गळ्यातून काढून त्याने चांदपाशाच्या गळ्यात घातला.

"सकाळी लई बोललो रं तुला."

"जाने देव काका."

"जाऊ कसं देऊ? पुढच्या पोळ्याला घरी ये. खांदेमळणी तूच करायची, तुझ्या डब्यातल्या ग्रीसनं." बसलेल्या घशातून कडुबाचा आवाज जेमतेम निघत होता. "आन भागूबाईला सांगतो, पहिली पुरणपोळी तवा जीपला नाय, तुझ्या ताटात."