भाऊजींची सडक

माणसाने जन्मावं, जेवावं आणि मरावं ते तुमसर-बपेरा राज्य महामार्गाच्या कडेलाच, असं आमच्या भाऊजींचं ठाम मत. ताईचे हे यजमान बांधकाम खात्यात मैलकुली होते. म्हणजे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. नोकरी संपली, पट्टे संपले नाहीत. दर पोळ्याला पदरचा चुना आणून झाडं रंगवायची, उरलेला गेरू अंगणातल्या पपईला. धाकट्या लेकीच्या लग्नात मांडवाच्या खांबांनाही तेच पट्टे मारले, तेव्हा ताई दोन दिवस बोलली नाही. त्याआधी पोरीला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण मुलाच्या घरचं सांडपाणी महामार्गावर यायचं. "जे सडकेवर पानी सोडून राहिले, ते मायी पोरगी काय सांभाळतीन?" सडकेवर धान वाळत घालणाऱ्यांना ते शिव्या घालत, आणि मालक जेवायला गेला की काठी घेऊन स्वतःच त्या धानाची राखण करत.

मग रुंदीकरण आलं. वळणावरच्या चिंचांवर तोडणीचे आकडे पडले. रस्ता नुसता मुरमाचा होता तेव्हा डब्याडब्याने पाणी घालून भाऊजींनीच त्या जगवलेल्या. ते माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, त्यांचं लिहिणं सहीपुरतं. "मास्तर, एक अर्ज लिवून दे. सडक रुंद करा म्हना, मी काहून अडवू? पन वळनावर जराशी पलीकडून न्या. तिकडं सरकारचीच पडीत हाये." आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी आधीच सही करून दिली. हरकतीला पंधरा दिवस होते.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं आणखी एक खूळ. आज पेपर तपासायचे, उद्या पाहुणे. चौथ्यांदा आले तेव्हा मी चक्क म्हणालो, "दिला पाठवून." अर्ज लिहिलाच नव्हता, आणि मुदत तेव्हा सरलीही नव्हती. सांगताना अजून लाज वाटते.

चिंचा गेल्या. आता सिमेंटची गुळगुळीत सडक आहे, गाड्या सुसाट जातात, आणि भाऊजी ओसरीवर तिच्याकडे पाठ करून बसतात. परवा गेलो तर कुणी पाहुणा आलेला. भाऊजींनी कौतुकाने माझी ओळख करून दिली, "हे आमचे साळे. चिंचांसाठी यायनं लय झकास अर्ज लिवला होता जी. सरकारनंच आयकलं नाही, यायचा काही दोष नाही."

ताईने चहा आणला. मी तो बशीत ओतून मान खाली घालून पीत राहिलो.