आधी स्वतःचा बैल

भावनाताई एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत, हे अख्ख्या ब्लॉकला ठाऊक! सिंगापुरात आंग मो किओच्या चिप कारखान्यात क्लीनरूम सांभाळणारी ही बाई. धुळीचा कण दिसला तरी जीव खालीवर. रविवारी बौद्ध मंडळींच्या अभ्यासवर्गात त्यांना प्राचीन इस्राएली लोकांच्या प्रायश्चित्तविधीवर बोलायचं होतं, पण धीर कुणाला? शनिवारी पोहे खातानाच लेकीला धरलं.

"प्रियू, ऐक तर! पशुबळी आपल्याला पटत नाही, ते सोड. पण ते रक्त पाप्यावर नाही, पवित्रस्थानावर शिंपडायचे! माणूस चुकला कुठेही, तरी मळ साचणार सगळ्यांच्या पवित्र जागेत. अगं, आमची क्लीनरूमच की ही!"

"अँड द गोट? स्केपगोट म्हणतात तो?"

"बकरे दोन. एकाचं रक्त शुद्धीला. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य याजक सगळ्यांची पापं कबूल करायचा, मग त्याला रानात हाकलायचे."

"सो पुअर थिंग, लाह! त्याने काय केलं होतं?"

"काहीच ना..." ताई म्हणाल्या.

त्यांना कारखान्यातली अदिती आठवली. बुद्धजयंतीच्या सकाळी वंदनेला जाताना ताईंनी मानेला टाल्कम पावडर फासली आणि तशाच कामावर गेल्या. क्लीनरूममध्ये पावडर म्हणजे घोर पाप! चिपांचा अख्खा माल वाया गेला. तपासात टाल्कम सापडलं आणि साहेबांनी नव्या अदितीला धरलं. घरी कॉलरला लागलेली पावडर बघून ताईंना सगळं कळलं, पण तोंड उघडलं नाही. सोमवारी अदितीची गोदामात बदली होणार होती.

"मम्मी, त्या याजकाचं स्वतःचं पाप?"

"त्याच्या पापासाठी त्याचा बैल आधी कापायचा. मग बकरे," ताई म्हणाल्या, आणि पोह्यांची बशी बाजूला सारली. भीती वाटली, पण त्याहून जास्त उत्साह! हेच तर करायचं!

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी अदितीचं नाव घेतलं मात्र, ताई ताडकन उठल्या. "थांबा! ती पावडर माझ्या मानेवरची. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. बदली करायची तर माझी करा."

ताईंना पिसासारखं हलकं वाटत होतं. अदितीकडे वळून त्या म्हणाल्या, "मला माफ कर गं."

अदितीचे डोळे भरले होते. "ताई, मी पावडर लावतच नाही," ती हळूच म्हणाली. "तरी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. मी घरातला साबणसुद्धा बदलला."