तळघरं ओळखणारा रोझेर

रोझेर डेगलने अडतीस वर्षं नदीकाठच्या गावांत घरं तापवायचं तेल घरोघरी पोचवलं, बर्नर साफ केले. आताशा माणसांची नावं त्याच्या जिभेवर अडखळत, पण तळघरं मात्र त्याला वासासकट आठवत. मिशोंकडे सफरचंदांचा वास, शाळेच्या बाईंकडे ओल्या लोकरीचा.

ऑक्टोबरात त्याच्याच तळघरातली तेलावर पाणी तापवणारी टाकी गळू लागली.

"पपा, हीट पंपवाला गीझर घ्या," पोर्टलंडहून जोझेट फोनवर म्हणाली. "आसपासच्या हवेतली ऊब ओढून पाणी तापवतो. वीजही कमी खातो."

"जन्मभर तेल विकलं मी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना तुझ्या आंघोळीचं काय पडलंय?" त्याची बायको आल्विना चुलीपाशी प्लोयची धिरडी भाजता भाजता बोलली. "मला भांड्यांना गरम पाणी हवंय. काय ते लवकर ठरव."

रोझेर खुर्ची घेऊन तळघरात जाऊन बसला. इतरांची तळघरं पाहायचा तशा नजरेने त्याने आपलं पाहिलं. जागा ऐसपैस. एप्रिलपर्यंत लाकडाची भट्टी पेटती, म्हणजे हिवाळ्यात ओढायला ऊब भरपूर. उन्हाळ्यात भिंतींना घाम फुटतो, तो हे यंत्र शोषून घेईल. त्याचं पाणी सोडायला मोरीही जवळच. फक्त ते घुमतं म्हणे, आणि वर झोपायची खोली. मग ते पलीकडे, स्वयंपाकघराखाली ठेवायचं.

ठरलं, तरी तो उठेना. त्याने जुन्या टाकीच्या पोटावर हात ठेवला. बटाटे काढायच्या सुट्टीत तिन्ही पोरं शेतातून चिखलाने माखून यायची. "आधी मी!" म्हणून जिन्यात ढकलाढकली. एकामागून एक आंघोळी, आणि खाली बर्नर पुन्हा पुन्हा धडधडून पेटायचा. तो आवाज ऐकत तो जेवायला बसायचा. आता वर एकच नळ वाहत होता, आल्विनाचा.

नवा गीझर बसला. पाणी सावकाश तापे, पण दोघांना पुरून उरे. नाताळात सगळे जमले तेव्हा मात्र जोझेटच्या वाट्याला कोमट पाणी आलं. "आता बोल!" म्हणून आल्विना पोट धरून हसली.

बातमी पसरली, तशी फिलोमेन वेलेटने त्याला बोलावलं. नवरा ओनेझीम गेल्यापासून ती एकटीच राहत होती.

"माझ्याकडे चालेल का रे तसला?"

उत्तर त्याला घरूनच ठाऊक होतं, तरी तो खाली उतरला. बुटकं दगडी तळघर, मातीची जमीन, बटाटे आणि सलगम. शेगडी वर, खाली नुसती तेलाची टाकी. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

"नको, फिलोमेन. इथे ओढायला ऊबच नाही. उलट तुझे सलगम गोठतील. साधी विजेची टाकी घे."

"सगळ्यांकडे येतोय, आणि मलाच नाही?"

"इथली थंडी मला विचार. त्या वर्षी तेलाची नळी गोठली, तेव्हा ओनेझीमने तुझा हेअर ड्रायर पळवून आणला होता."

"तो होय!" फिलोमेन खळखळून हसली. "माझ्या बहिणीच्या लग्नाची सकाळ होती. ओल्या केसांनी गेले मी चर्चमध्ये. तो मेला मला आठ दिवस सांगत होता, उंदराने नेला!"

"आम्ही दोघं इथेच गुडघ्यांवर बसलो होतो," रोझेर म्हणाला.

तिने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग एप्रनला डोळे पुसून ती सलगम निवडू लागली, आणि त्याने तिच्यापुढे पिशवी उघडून धरली.