वायसरला चालेल असं बेट

आधीच सांगून टाकतो, मला कुत्री आवडत नाहीत. आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत लिफ्टमधून कुत्रं नेऊ नये असा अर्ज मीच दिला होता. खाली माझी ठसठशीत सही आहे, हरिहर देवस्थळी, निवृत्त प्राध्यापक. त्या अर्जाचा रोख ज्यांच्याकडे होता ते बुद्धरत्न ओव्हाळ आमच्या अगदी वरच्या मजल्यावर राहतात. अर्ज वाचून ते माझ्या दारात आले. मी भांडणाच्या तयारीत उभा. "जय भीम, सर," ते म्हणाले, "दुसरा मुद्दा बरोबर हाय तुमचा. केस पडत्यात. आजपासून मी झाडून घेतो लिफ्ट." आणि खरंच रोज सकाळी घ्यायला लागले. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटीत होते. आलेला माल मोजायचा, चांगला असेल तर हिरवं लेबल लावायचं, नापास असेल तर लाल. निवृत्त झाले तरी हात थांबले नव्हते. आमच्या बाथरूमचं छत गळतंय अशी तक्रार केली तेव्हा स्वतः येऊन पाइप बदलून गेले आणि जाताना त्याला हिरवं लेबल बांधून गेले. आमच्या हिने, शुभदाने, ते अजून काढू दिलेलं नाही.

कुत्र्याचं नाव वायसर. नटाखाली बसते ती चकती म्हणजे वायसर. डाव्या डोळ्याभोवती गोल काळा डाग, म्हणून कंपनीच्या गेटवरच्या हमालांनी पिल्लाचं हे नाव ठेवलं आणि ओव्हाळांच्या बायकोने, विमलबाईंनी, त्या पिल्लाला घरी आणलं. तेव्हा ते कंपनीमागच्या खोल्यांत राहायचे. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की विमलबाई चहाचं आधण उतरवून ठेवायच्या आणि वायसरला घेऊन गेटापर्यंत जायच्या. बाहेर पडणाऱ्या गर्दीतला एकेक बूट हुंगत वायसर धन्याला शोधून काढायचा. रोजचंच होतं ते, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं ओव्हाळांना कधी वाटलं नव्हतं.

विमलबाईंच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी त्यांनी ते काढलं नाही, कारण त्यावर एका बेटाचं चित्र होतं. माड, पाणी आणि पाण्यात होडी. "चारी अंगानं पाणी असलं म्हंजे माणूस जातंय कुठं? निवांत बसत असंल," असं त्या म्हणायच्या. तीनदा जायचं ठरलं आणि तीनदा ओव्हरटाइम लागला. पुढे ओव्हाळांना रजा मिळायला लागली तर वायसरला कुठे ठेवायचं हा प्रश्न. त्याला सोडून जायला विमलबाई तयार नव्हत्या आणि कुठलंही हॉटेल त्याला घ्यायला तयार नव्हतं. तीन वर्षांपूर्वी विमलबाई गेल्या. मुलगी अंजली इथे आयटीत आहे, तिने वडिलांना आणि वायसरला ताथवड्याला आणलं. कॅलेंडरही आलं.

मागच्या वर्षी जनावरांच्या डॉक्टरांनी वायसरच्या मूत्रपिंडांचं सांगितलं. चार-सहा महिने, त्याहून जास्त धरू नका. त्या दिवशी ओव्हाळ माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, विमल गेली, ऱ्हायलं. ह्याला तरी बेट दाखवायचं. ह्यो जायच्या आत."

मग तक्ता तयार झाला. सतरा प्रश्न, आखीव रकाने. खोलीत घेता का, की बाहेर बांधायला लावता? पायऱ्या किती? फरशी गुळगुळीत आहे का? जनावरांचा डॉक्टर किती लांब? भटकी कुत्री अंगावर येतात का? आवाज फार असतो का? रोज दुपारी ते माझ्या दिवाणखान्यात बसून बेटाबेटांवर फोन लावायचे. अंदमान विमानामुळे आधीच बाद झालं होतं. बाकीच्यांची उत्तरं मी ऐकत होतो. जाहिरातीत कुत्र्याचा फोटो छापलेलं एक रिसॉर्ट म्हणालं, शेडमध्ये ठेवू. दुसरं म्हणालं, मांडीवर मावेल एवढंच चालेल. आणि बरेच जण पहिल्यांदा एकच विचारायचे, जात कुठली? गावठी म्हटलं की पलीकडे शांतता.

"जात इचारली, सर," ओव्हाळ फोन ठेवून म्हणायचे आणि पूर्ण ओळीवर लाल रेघ मारायचे. पुढचे प्रश्न विचारत नसत. पहिल्यांदा ते हसत म्हणाले, मीही हसलो. रात्री जेवताना मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

चौतिसाव्या फोनला गोव्यातलं दिवाडी बेट लागलं. बेट नदीतलं, समुद्रातलं नव्हे, पण चारी बाजूंनी पाणी आणि फेरीबोटीतून गाडी जाते. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, "आणा हो, माझी स्वतःची तीन आहेत, चौथ्याने काय होतंय?" जात विचारली नाही. ओव्हाळांनी आवाजाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज कसला इथे! फेरीबोटीचा भोंगा काय तो." ओव्हाळांनी रकान्यात लिहिलं, आवाज नाही. फोन स्पीकरवर होता. मीही शेजारीच होतो. चाळीस वर्षं कारखान्यांच्या पट्ट्यात काढलेला मी, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. भोंगा म्हणजे काय आवाज थोडाच?

अंजलीला रजा नव्हती. कुत्रं म्हटल्यावर टॅक्सीवाले नाही म्हणाले. तेव्हा शुभदाने मला न विचारता माझी गाडी देऊन टाकली आणि गाडीबरोबर मलाही. ताथवड्यापासून गोव्यापर्यंत वायसर माझ्या मागच्या सीटवर झोपून होता आणि मी आरशातून त्याच्यावर नजर ठेवून होतो. संध्याकाळी खोलीत शिरल्यावर ओव्हाळांनी आधी फरशीवरून हात फिरवला, उंबरा टेपने मोजला, खिडकीतून माड दिसतात का पाहिलं आणि दाराच्या कडीला हिरवं लेबल बांधलं. मालकीणबाई बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायसरच्या गोळ्या आणायला ते फेरीबोटीने पलीकडे गेले. वायसर व्हरांड्यात माझ्या पायाशी. त्याला त्या दिवसांत दहा पावलं चालवत नव्हतं, ओव्हाळ त्याला उचलूनच बाहेर न्यायचे. मी निर्धास्त पेपर वाचत होतो. तेवढ्यात धक्क्याकडून भोंगा झाला.

कुत्र्याचे कान उभे राहिले. मग तो स्वतः उभा राहिला. मी "अरे, अरे" करेपर्यंत तो पायरी उतरून रस्त्याला लागला होता, लंगडत, पण धावत. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनिशी मी मागे. मनात एकच, हा गाडीखाली गेला तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?

धक्क्यावर पोचलो तर वायसर उतारावर, बोट लागते तिथे, एका कडेला बसला होता. माणसं उतरत होती आणि तो एकेकाचे पाय हुंगत होता. बूट, चपला, शाळेतल्या मुलींचे सँडल. सगळी माणसं गेली, बोट रिकामी झाली, तरी तो हलेना. मी हाका मारल्या, पट्टा धरून ओढलं. शेवटी जन्मात पहिल्यांदा एका कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याजवळ कठड्यावर बसलो. दुसरी बोट आली, गेली. प्रत्येक भोंग्याला तो उठायचा, पाय हुंगायचा आणि पुन्हा खाली बसायचा. किती वेळ लागेल कोण जाणे. मला तर एकेक मिनिट जड झालं होतं.

तिसऱ्या बोटीतून ओव्हाळ उतरले. वायसरने त्यांच्या चपलांना नाक लावलं आणि तो कमरेपासून सगळा हलायला लागला. मी मात्र तडकलो. "काय हो, सतरा प्रश्न विचारलेत आणि भोंग्याचं कसं विसरलात?"

"भोंगा?" ते गोंधळले. "त्यो काय आवाज हाय व्हय, सर?" आणि बोलता बोलता थांबले. वायसरकडे बघितलं, बोटीकडे बघितलं. "किती येळ बसला हुता ह्यो?"

"पाऊण तास झाला असेल."

त्यांनी गोळ्यांची पिशवी कठड्यावर ठेवली. वायसर बसला होता तिथेच, उतारावर, खाली बसले. पुढची बोट येईपर्यंत तसेच बसून राहिले. भोंगा झाला, माणसं उतरली. त्यात त्यांचं कुणीच नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी गेटातनं भाईर पडनाराच हुतो. ह्या अंगाला कदी बसलोच न्हाई. अचानक ओव्हरटाइम लागायचा, फोन गेटावर जमा असायचा, निरोप द्यायची सोय न्हवती. भोंगा झाला की ती दोगं यायची. मी न्हाई दिसलो की माघारी. पुढल्या भोंग्याला परत. मला वाटायचं, घर चार पावलावर तर हाय, तिला काय तरास? तीबी कदी बोलली न्हाई." त्यांनी वायसरचा पट्टा सारखा केला. "पाऊण तास लई मोठा असतो वो."

ते रडले आणि मी शेजारी बसून राहिलो. मला सांत्वन करता येत नाही. माझा एक हात वायसरच्या पाठीवर होता, तो मी काढला नाही.

बेटावरची देवळं, चर्च, जुने बंगले असं बरंच काही मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यातलं काही बघितलं नाही. उरलेले दोन दिवस आम्ही तिघं धक्क्यावर बसलो. ओव्हाळांनी कॅलेंडरचं पान घडी करून आणलं होतं, ते कठड्यावर पसरून ठेवलं आणि वर दगड ठेवला. वायसरने सगळ्या बोटी तपासल्या.

परत आल्यावर दोन महिन्यांनी तो गेला. सोसायटीतल्या कुत्रेवाल्यांना सहलीसाठी ओव्हाळांचा तक्ता हवा होता, तो मी टाइप करून दिला. हाताने लिहिलेल्या प्रतीत शेवटी अठरावा प्रश्न होता, वाट बघणाऱ्याला बसायला जागा आहे का? हॉटेलवाले हसतील, काढू का, असं मी विचारलं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

अंजलीची कंपनीची बस संध्याकाळी साडेसातला आमच्या फाटकाशी येते. ओव्हाळ सात वाजताच खाली जाऊन वॉचमनच्या बाकावर बसतात. "बाबा, मी फोन करते ना, कशाला बसता?" ती रोज रागावते. बसला कधी तासभर उशीर होतो. ते उठत नाहीत.