कुंडीची आतली बाजू

माझ्या मावशीशी कुंडीच्या रंगावरून वाद घालू नये. मी एकदा घातला आणि तोंडघशी पडले.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बागेतल्या मातीच्या कुंड्या रंगवून विकते. गिऱ्हाईक म्हणतं, चकचकीत लाल हवा. ही विचारते, ठेवणार कुठे, ऊन कुठल्या बाजूने येतं, पाणी कोण घालतं? एवढी चौकशी लोक मुलगी देतानाही करत नाहीत. मग ती वाळलेल्या कुंडीला आतून वॉटरप्रूफ थर देते, बाहेरून प्रायमर, त्यावर इमारतींना बाहेरून लावतात तो ॲक्रिलिक रंग आणि शेवटी न चकाकणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचा हात. नवा रंग बाजारात आला की आधी तो तिच्या गच्चीवर वर्षभर ऊनपाऊस खातो. टिकला तरच गिऱ्हाइकाच्या दारात जातो. ज्याला फार घाई असते त्याला ती खुशाल दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते, आणि तोच माणूस पुढच्या वर्षी पोपडे आलेली कुंडी घेऊन हिच्याकडे येतो.

मावशीचे यजमान, आमचे काका, घरं रंगवायचे. उमेदीची सगळी वर्षं भिंतींवर गेली. पट्टी न लावता ओढलेली त्यांची रेघ बघायला दुसरे रंगारी यायचे. मग हात थरथरायला लागला आणि त्यांनी ब्रश ठेवून दिला. त्यानंतर खुर्ची आणि रेडिओ. मावशी त्यांच्यासमोर ब्रशचं नावही काढत नसे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईचा गुडघा दुखावला म्हणून मावशी काही दिवस आमच्याकडे राहिली. मी तिला घरी पोचवून थोडे दिवस राहायला म्हणून गेले, तर शेडमध्ये निळ्याभोर कुंड्यांची रांग लखलखत होती. एका शाळेच्या फाटकाशी ठेवायच्या कुंड्या काकांनी एकट्याने रंगवून टाकल्या होत्या, आणि त्याही ओल आत कोंडणाऱ्या ऑइलपेंटने. काठाची रेघ थोडी हलली होती, पण काका कितीतरी दिवसांनी हसत होते.

मावशीने विचारलं, आतून काही लावलंय का? काका म्हणाले, "आत माती असते. ती काय रंग बघणार आहे?"

 मावशीने एका कुंडीत माती भरली, पाणी घातलं आणि ती उन्हात ठेवली. आठवडा उलटायच्या आत निळ्या रंगाला फुगे आले.

स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "या अशाच पाठवल्या तर माझं नाव जाईल. खरवडल्या तर हा माणूस पुन्हा ब्रश उचलणार नाही."

मी अक्कल पाजळली. त्यांना कळू न देता पुन्हा रंगवू, शाळेला दुसरा रंग हवा होता म्हणून सांगू.  आयुष्यभर रंगकाम केलेल्या माणसाला आपला खरवडलेला रंग ओळखू येणार नाही का, असं मावशीने विचारलं. मग तिने ती फुगे आलेली कुंडी उचलून सरळ काकांच्या खुर्चीपुढे ठेवली.

काकांनी एक फुगा नखाने दाबला. आतून पाणी आलं. त्यांनी रेडिओ बंद केला.

"हात गेला माझा," ते म्हणाले.

"हाताचा काय संबंध?" मावशी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगायचात ना, ओल पलीकडून येते, आधी पलीकडची बाजू बघा म्हणून? कुंडीची पलीकडची बाजू कुठली?"

काकांनी कुंडीतली माती काढली, आत हात घातला आणि ओल्या भिंतीवरून बोटं फिरवली. 

"आतली," ते म्हणाले.

"ती बाजू तुम्ही घ्या. तिथे सरळ रेघ लागत नाही. पण एक जागा सुटली तर सगळं गेलं."

"म्हणजे कुणाला न दिसणारं काम."

"हो. पण माझं नाव त्याच्यावर उभं आहे."

मावशीने शाळेकडे खरं कारण सांगून मुदत मागितली. तिघांनी मिळून निळा रंग खरवडला. काका स्वतःवरच करवादत होते, "जन्म गेला लोकांना ओल दाखवण्यात!" मला हसू आवरेना, आणि मावशीबद्दल एवढं कौतुक वाटलं की डोळेही भरून आले. तिने त्यांना खोटं सांगितलं नव्हतं आणि कमीही लेखलं नव्हतं.

आता आतला थर काकाच देतात. तो वाळला की तळाच्या भोकाला बूच मारून कुंडी पाण्याने भरतात आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून तळहात फिरवतात. जरा ओल लागली की कुंडी मागे. तेवढ्या वेळापुरता हात थरथरत नाही, असं मावशी सांगते. मी जवळून पाहिलंय, थरथरतो. मावशी प्रायमरचा ब्रश हातात धरून शेजारी उभी असते, आणि ते "लाव" म्हणेपर्यंत बाहेरून एक ठिपकाही लावत नाही.